लाल बटण पहिल्याच पानावर

बोईसरला बसून कुणी थरारकादंबरी लिहायला घेतली, की तिच्यात तारापूरचा अणुवीज प्रकल्प येणारच. साहजिक आहे. एमआयडीसीच्या चिमण्या, रात्री गाडीतून उतरताच नाकाला झोंबणारा वास आणि समुद्रकाठी कुंपणाआड उभ्या त्या अणुभट्ट्या. इतकं आयतं नेपथ्य महाराष्ट्रात दुसरीकडे कुठे मिळणार? शेवटही बहुतेकांच्या डोक्यात आधीच तयार असतो. भोंगा कोकलतोय, नियंत्रण कक्षात नायक घामाघूम, घड्याळात तीन सेकंद उरलेत, लाल बटण. दाबलं. वाचलो.

असा शेवट वाचून झाला की वाचक पुस्तक मिटतो आणि चहा ठेवायला उठतो. फसवल्याची तक्रारही तो करत नाही, आणि लेखकाला खरं तर तेच लागायला हवं. बाबूराव अर्नाळकरांना हे परवडायचं. याच जिल्ह्यातल्या अर्नाळ्याचं नाव लावणाऱ्या या माणसाने हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार किंवा काळापहाड शेवटच्या चार पानांत सगळं आवरायचा, आणि वाचक तोवर वाचनालयात पुढचं पुस्तक मागायला उभा असायचा. तीनशे पानांची एकच कादंबरी लिहिणाऱ्याला ती सवलत नाही.

शेवट कसा करावा हे शिकायचं तर कादंबऱ्या बाजूला ठेवाव्यात आणि एक खरा दिवस मिनिटामिनिटाने वाचावा, असं माझं मत आहे. तो दिवस फुकुशिमा दाइइचीच्या एक नंबर अणुभट्टीचा. ती अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकची उकळत्या पाण्याची भट्टी, मार्च १९७१ मध्ये सुरू झालेली. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्याही त्याच कंपनीच्या, त्याच घराण्यातल्या. त्या २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यावसायिक पातळीवर वीज देऊ लागल्या. म्हणजे थोरली पाती आपली. जपानचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास. खालच्या सगळ्या वेळा बोईसरच्या घड्याळाने दिल्या आहेत.

शुक्रवार, ११ मार्च २०११, सकाळी ११:१६

नऊ तीव्रतेचा भूकंप. नियंत्रक कांड्या आपोआप आत गेल्या आणि भट्टी बंद पडली. लाल बटण दाबलं गेलं, तेही कुणी न दाबता, घटनाक्रमाच्या पहिल्याच मिनिटाला.

आपल्या नायकाची अडचण इथेच होते. भट्टी बंद होते म्हणजे अणुविखंडनाची साखळी थांबते, उष्णता थांबत नाही. बंद केल्याक्षणी पूर्ण ताकदीच्या सहा-सात टक्के उष्णता इंधनातून निघत असते, तासाभराने दीडेक टक्का. टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण अवाढव्य आकड्याचा टक्काही अवाढव्यच. ती उष्णता वाहून न्यायला पुढे कित्येक दिवस पाणी फिरत राहावं लागतं. भट्टी अणुबॉम्बसारखी फुटेल हे तर विसराच. तिच्यातलं युरेनियम तेवढं समृद्ध नसतंच. तुमच्या खलनायकाला जरा अक्कल असेल तर तो नियंत्रण कक्षाकडे फिरकणारही नाही, पाण्याच्या आणि विजेच्या मागे लागेल.

म्हणून माझा पहिला सल्ला जरा दुष्ट आहे. जी चाल शेवटासाठी राखून ठेवली असेल ती उचला आणि पहिल्या प्रकरणात टाका. बटण दाबून झालंय, भट्टी बंद आहे, सगळ्यांनी नियमाप्रमाणे केलंय. आता पुढे काय? या प्रश्नाला उत्तर नसेल तर तुमच्याकडे एक प्रसंग आहे, कादंबरी नाही.

११:२२ ते १२:०४

या बेचाळीस मिनिटांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे, कारण शेवट इथे आहे.

एक नंबर भट्टीला आयसोलेशन कंडेन्सर नावाची सोय होती. तारापूरच्या जुन्या जोडीतही याच तत्त्वावरचं इमर्जन्सी कंडेन्सर आहे. भट्टीतली वाफ वर चढते, पाण्याच्या मोठ्या टाकीत बुडवलेल्या नळ्यांतून जाते, थंड होऊन तिचं पाणी होतं आणि ते आपल्याच वजनाने पुन्हा भट्टीत उतरतं. पंप नाही, वीज नाही. फक्त वाटेतले व्हॉल्व्ह उघडे हवेत.

११:२२ ला ते आपणहून चालू झालं आणि इतकं चांगलं चाललं की भट्टी हवी त्यापेक्षा भराभर थंड होऊ लागली. पोलादी पात्राला झटका बसू नये म्हणून तासाला ५५ अंशांपेक्षा जास्त उतार नको, असा नियम. ११:३३ ला पाळीवरच्या माणसांनी व्हॉल्व्ह बंद केले. मग दोनपैकी एकच संच वापरायचं ठरलं आणि त्याचा व्हॉल्व्ह उघड, बंद कर, पुन्हा उघड, असा खेळ सुरू झाला. गॅस बारीक-मोठा करत दूध उतू जाऊ द्यायचं नाही, तसा. शेवटच्या खेपेला तो बंद केला तेव्हा समुद्राची लाट जेमतेम काही मिनिटांवर होती.

कुणाचंच काही चुकलं नव्हतं. हाताने नियम पाळला. तो व्हॉल्व्ह त्या घडीला योगायोगाने उघडा असता तर पुढची गोष्ट वेगळी झाली असती का, यावर तज्ज्ञांमध्ये बोलण्यासारखं पुष्कळ आहे, कारण वीज जाताना सुरक्षेच्या यंत्रणेनेही काही व्हॉल्व्ह आपणहून मिटायला घेतले. लेखकाला एवढंच पुरे आहे: निर्णायक क्षण आला, गेला, आणि तो रोजच्या कामासारखा दिसत होता.

हा क्षण कादंबरीत कसा लिहायचा? आपल्याकडे दोन चुका हमखास होतात. पहिली, तो लपवणं. शेवटच्या प्रकरणात कुणीतरी सांगतं, ‘त्या दुपारी मी व्हॉल्व्ह बंद केला होता’, आणि वाचक म्हणतो, आम्हाला कुठे दाखवलं होतं? जुळा भाऊ, मेलेला समजलेला काका, तळघराची दुसरी किल्ली ही सगळी याच जातीची. दुसरी चूक, तो क्षण अधोरेखित करणं: ‘त्या क्षणी त्याला कल्पनाही नव्हती की...’ हे वाक्य दिसलं की वाचक सावध होतो आणि पुढची दोनशे पानं लेखकाच्या पुढे धावतो.

व्हॉल्व्ह भर उजेडात बंद करा. हात दिसू दे, मूठ फिरताना दिसू दे, लाल दिवा जाऊन हिरवा लागलेला दिसू दे. पण त्याच वाक्यात एकाला घरी फोन लागत नाहीये, दुसरा जमिनीवर पडलेल्या फायली उचलतोय, तिसरा नव्या धक्क्याने टेबल धरतोय. वाचकाने पाहिलं पाहिजे आणि पुढे गेलं पाहिजे. नंतर त्याने मागे जाऊन ते पान शोधलं आणि तिथे सगळं जसंच्या तसं सापडलं, तर त्याला जे वाटतं त्यालाच समाधानकारक शेवट म्हणतात.

१२:०५ ते १२:०७

मोठी लाट आली. प्रकल्पाची जमीन समुद्रसपाटीपासून दहा मीटर उंच होती, पाणी तिच्यावरून आत शिरलं. डिझेल जनित्रं तळघरात होती, ती बुडाली. बॅटऱ्याही पाण्याखाली गेल्या, आणि हा खरा घाव होता. नियंत्रण कक्षातले दिवे, काटे, आकडे एकेक करून विझले. व्हॉल्व्ह उघडा की बंद हे सांगणारा दिवाही गेला.

लाटेला तीन ओळी पुरेत. नवा लेखक तिच्यावर वीस पानं लिहितो, कारण लाट दिसते आणि व्हॉल्व्ह दिसत नाही. बोईसरच्या कादंबरीत लाटेऐवजी डहाणू-तलासरीचे भूकंपाचे धक्के येतील. नोव्हेंबर २०१८ पासून त्या भागातली माणसं घराबाहेर झोपून काढलेल्या रात्री मोजतायत, तेव्हा ते कुणाला ओढूनताणून आणलेले वाटणारही नाहीत. फक्त ते सुरुवातीला आणा. योगायोगाने माणूस संकटात पडला तर वाचक मान डोलावतो. संकटातून सुटला तर पुस्तक भिरकावतो.

दुपारी १:१४

आता या दिवसातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट, आवडलेली म्हणणं बरं दिसत नसलं तरी.

कंडेन्सर चालू आहे की नाही हे सांगणारं उपकरणच उरलं नव्हतं. पण टाकीतलं पाणी उकळलं की त्याची वाफ इमारतीच्या भिंतीतल्या दोन भोकांतून बाहेर पडते. शेजारी शेजारी दोन गोल भोकं. प्रकल्पातली माणसं त्याला डुकराचं नाक म्हणत. एकाला बाहेर जाऊन बघायला सांगितलं. त्याने पाहिलं, वाफ येत होती. थोडी, पण येत होती. प्रकल्पातल्या आपत्कालीन केंद्राने अर्थ लावला: कंडेन्सर चालू आहे, एक नंबरची काळजी नको, दोन नंबरकडे बघा.

कंडेन्सर जोरात चालू असेल तर ती वाफ गर्जत, ढगासारखी बाहेर पडते. हे तिथे कुणाला ठाऊक असणार? त्या पाळीतल्या कुणीच ते यंत्र प्रत्यक्ष चालताना पाहिलेलं नव्हतं. बघणाऱ्याने खरं तेच सांगितलं. वाफ होती. तिचा अर्थ लावणारे चुकले.

चकवा असा असावा. आपल्या रहस्यकथांत लेखकच खोटं बोलतो: निवेदक सांगतो खोलीत कुणी नव्हतं, आणि मग कळतं की होतं. तो चकवा नव्हे, लबाडी आहे. डुकराचं नाक हा चकवा. वाचकासमोर खरी वाफ ठेवलेली आहे, पात्रं तिच्यावरून चुकीचा निष्कर्ष काढतात, आणि वाचक त्यांच्याबरोबर चुकतो. पुढे कळतं तेव्हा तो लेखकावर चिडत नाही, स्वतःवर चिडतो. तारापूरच्या कादंबरीत अशी भोकं शोधायला माणसांशी बोलावं लागेल. एमआयडीसीत पंचवीस वर्षं बॉयलरवर काढलेला कुणीही वाफेच्या रंगावरून आणि आवाजावरून तासभर बोलू शकतो. गुगलवर हे मिळत नाही.

२:४८ ते ३:२०

काही बॅटऱ्यांत थोडा जीव आला. कक्षात दोन दिवे लागले. हिरवे. वाचकाला हिरवा म्हणजे सगळं आलबेल. तिथे हिरवा म्हणजे व्हॉल्व्ह बंद. पाळीवरच्यांनी तो उघडला, बाहेर वाफ दिसली, पण थोड्याच वेळात ती थांबली. टाकीतलं पाणी संपलं असेल तर कोरड्या नळ्या फुटतील, या भीतीने सात मिनिटांनी, २:५५ ला, त्यांनी तो पुन्हा बंद केला. आणि हे आपत्कालीन केंद्रापर्यंत पोचलंच नाही. तिथले लोक अजूनही डुकराच्या नाकावर विसंबून होते.

म्हणजे एका खोलीला ठाऊक आहे की कंडेन्सर बंद आहे, दुसरीची खात्री आहे की चालू आहे, आणि मध्ये फोन आहे. खलनायकाची गरजच काय?

नंतरच्या गणितांप्रमाणे साधारण ३:२० च्या सुमाराला इंधन नासायला सुरुवात झाली. त्या शुक्रवारी तारापूर एमआयडीसीत नुकतीच पहिली पाळी सुटली असेल, रिक्षा भरून माणसं स्टेशनकडे निघाली असतील. त्या घडीला जगात कुणालाही कळलेलं नव्हतं की एक नंबर भट्टी हातची गेली. स्फोट व्हायला अजून वीस तासांच्या वर अवकाश होता. कथेचा निकाल लागला होता आणि निम्म्याहून जास्त पानं उरली होती.

संध्याकाळी ५:४९

कामगारांनी पार्किंगमधल्या गाड्यांच्या बॅटऱ्या काढून आणल्या आणि अंधारात विजेरीच्या उजेडात मापकाला जोडल्या. पाण्याची पातळी दिसली: इंधनाच्या माथ्यावर वीस सेंटिमीटर. सुटकेचा निःश्वास.

आकडा खोटा होता. हे मापक भट्टीतलं पाणी थेट मोजत नाही. शेजारच्या नळीतल्या ठरावीक पाण्याशी तुलना करून सांगतं. उष्णतेने त्या नळीतलंच पाणी उडून गेलं होतं. तराजूचं मापच हलकं झालं, मग माल भरपूर दिसणार नाही तर काय. अर्ध्या तासात इमारतीतला किरणोत्सार इतका वाढला की आत जायला बंदी घालावी लागली, आणि त्यावरून शहाण्यांनी ओळखलं.

मध्यंतर घालायचं तर या निःश्वासावर घाला.

रात्र

रात्री झपाट्याने जा. ८:२० ला भट्टीभोवतीच्या आवरणाच्या आतला दाब पहिल्यांदा वाचता आला, तो आराखड्यातल्या मर्यादेच्या वर होता. वाफ मुद्दाम बाहेर सोडावी लागणार, वीज नसल्याने व्हॉल्व्ह हाताने फिरवावे लागणार, आणि ते व्हॉल्व्ह अशा जागी की तिथे जाणं म्हणजे किरणांच्या तोंडी जाणं. वरिष्ठांच्या बैठका, मंत्र्यांचे फोन, नकाशे यांवर कादंबरीत दोन पानं पुष्कळ झाली. हॉलिवूडला या खोल्या फार आवडतात. मला त्यात खुर्च्यांपलीकडे काही दिसत नाही.

शनिवार, पहाटे ५:३४

शिफ्टप्रमुखाने विचारलं, कोण जाणार? तरुणांना पाठवायचं नाही असं ठरलं. वयस्कर माणसांच्या जोड्या केल्या. पण निघायच्या आधी शेजारच्या गावातली माणसं बाहेर पडल्याची खात्री हवी होती, म्हणून ते पोशाख चढवून थांबले.

या थांबण्याचं वजन बोईसरच्या वाचकाला वेगळं सांगावं लागणार नाही. तारापूरभोवती १६ किलोमीटरच्या वर्तुळात आपत्कालीन नियोजन असतं, आणि त्यात चिंचणी, दांडी, घिवली, नवापूर, खुद्द बोईसर सगळंच येतं. तीन आणि चार नंबरच्या भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली गेली, त्याला वर्षं लागली. तुमच्या कादंबरीत तीच माणसं एका रात्रीत हलवायचीत. बांबूवर घातलेले बोंबील कोण काढणार, होडी कोण बांधणार, आणि ‘मागच्या वेळी पण ड्रिलच होती’ म्हणत ओट्यावर बसून राहिलेल्या आजीला कोण उचलणार?

पहिली जोडी गेली, व्हॉल्व्ह पाव उघडून परतली. दुसरी जोडी आत शिरली आणि किरणोत्साराचे काटे बघून अर्ध्यातून मागे फिरली. त्यातल्या एकाला शंभर मिलिसिव्हर्टच्या वर मात्रा लागली. दुसऱ्या जोडीने शौर्याने पुढे जाऊन काम फत्ते केलं, असं लिहायचा मोह होईल. आवरा. मागे फिरलेला माणूस त्या खोलीत परत येऊन साथीदारांना ‘जमलं नाही’ सांगतो, यापुढे फत्ते फिकं आहे.

सकाळी ११:००

दुसऱ्या मार्गाने, बाहेरून आणलेल्या कंप्रेसरची हवा देऊन व्हॉल्व्ह उघडला असावा, दाब उतरला. वीज देणाऱ्या गाडीची केबल हाताने ओढत आणली होती, तीही जोडून होत आली. वाचकाला आता वाटलं पाहिजे की जिंकले.

१२:०६

स्फोट. अतितप्त इंधनाच्या झिर्कोनियमच्या आवरणाची वाफेशी प्रक्रिया होऊन हायड्रोजन साठला होता, त्याने इमारतीचा वरचा भाग उडवला. नुकतीच जोडलेली केबल तुटली, पाण्याचे होज फाटले. दिवे विझले त्याला चोवीस तास व्हायला एक मिनिट कमी होतं.

बहुतेक कादंबऱ्या इथे संपतील. ‘आकाशात धुराचा लोट’ वगैरे. पण स्फोट हा शेवट नव्हे, आदल्या दिवशी ३:२० ला जे झालं त्याची ती फक्त पोच होती. अजून एक प्रसंग बाकी आहे.

३:३४ नंतर

नवे होज टाकून समुद्राचं पाणी भट्टीत सोडायला सुरुवात झाली. थोड्या वेळात प्रकल्पप्रमुख मासाओ योशिदा यांना पंतप्रधान कार्यालयात बसलेल्या कंपनीच्या बड्या अधिकाऱ्याचा फोन: पाणी थांबवा, वरून अजून मंजुरी नाही. व्हिडिओवर टोकियोचं मुख्यालय बघतंय. योशिदांनी पाण्याच्या कामावरच्या माणसाला जवळ बोलावलं, हळू आवाजात सांगितलं की आता मी थांबवायचा हुकूम देईन, तू थांबवायचं नाहीस. आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात हुकूम दिला. पाणी चालू राहिलं.

लेखकाने असा प्रसंग स्वतःच्या मनाने रचला असता तर संपादकाने ‘फारच फिल्मी’ म्हणून लाल रेघ मारली असती. घडलेला आहे म्हणून तो टिकतो, आणि आधी जे पेरलं त्यामुळे तो शोभतो. कालपासून नियम पाळणाऱ्या हातांनी घात झालेला आपण पाहिलाय. इथे पहिल्यांदा कुणीतरी नियम मोडतो. दोन खोल्यांतल्या न पोचलेल्या निरोपाने घात झालेला पाहिलाय. इथे एक माणूस निरोप मुद्दाम चुकवतो. शेवट आधीच्या पानांतून उगवतो म्हणतात तो असा.

तरी माझ्या मते कादंबरी इथेही थांबू नये. योशिदा ९ जुलै २०१३ ला कर्करोगाने गेले. त्याच वर्षी डिसेंबरात कंपनीने कबूल केलं की अग्निशमन गाड्यांनी भरलेल्या पाण्यातला काही भाग भट्टीत न जाता वाटेतल्या दुसऱ्याच नळ्यांत वळला होता. आता ठरवा. हे वाचकाला सांगायचं की नाही? सांगायचं तर योशिदांच्या कुजबुजीच्या नंतर, म्हणजे वाचकाच्या हातातलं शौर्य काढून घ्यायचं? की आधी?

मी आधी सांगेन. तीनशेपैकी ऐंशीव्या पानावर, देखभालीच्या कंटाळवाण्या फेरीत, एखादा फिटर ‘ह्या लायनीतून पाणी दुसरीकडे फुटतं, कळवलंय वर’ म्हणून पुढे जाईल. वाचकाने ते लक्षात ठेवलं तर कुजबुजीच्या पानावर त्याला प्रमुखापेक्षा जास्त माहीत असेल. नाही ठेवलं, तर तो वाचनालयात पुस्तक परत करायला दोन दिवस उशीर करेल.